साहेबाचा गाल आणि अकराशे रुपये

नमस्कार ताई,
मी नवी पेठेत राहतो. एमपीएससीची तयारी करतो, हे तिसरं वर्ष. सहा जणांची कॉटबेसिसवरची खोली आहे. वर्षभरापूर्वी एक करडा-पांढरा बोका गॅलरीतून आत आला आणि राहिलाच. सगळे त्याला ‘साहेब’ म्हणतात. गेल्या आठवड्यात रविवारी रात्री गल्लीतल्या दुसऱ्या बोक्याशी त्याची जोरदार मारामारी झाली. सकाळी बघितलं तर विशेष काही दिसलं नाही. गुरुवारी डाव्या गालावर लिंबाएवढी गाठ आली. शनिवारी ती फुटली. पू आला, रक्त आलं आणि वास इतका सुटला की पोरं गॅलरीत जाऊन बसली. मी डेटॉलच्या पाण्याने दोनदा पुसलं. पुसताना त्याने मनगटावर ओरबाडलं, थोडं रक्त आलं, पण ते काही विशेष नाही. कालपासून तो नीट खात नाही, कॉटखाली बसून राहतो. अंग गरम लागतंय. एक रूममेट म्हणतो अर्धी क्रोसिन देऊ. मालकीणकाकू म्हणतात हळद भर. एका दवाखान्यात फोन केला, त्यांनी तीन-चार हजार लागतील असं सांगितलं. माझ्याकडे महिनाअखेरपर्यंत अकराशे रुपये आहेत. वडील करमाळ्याजवळ शेती करतात. त्यांनी मेससाठी पाठवलेले पैसे मांजरावर घालवायचे हे मनाला पटत नाही, आणि त्याचे हाल बघवतही नाहीत. घरच्या घरी बरं करता येईल का?
— एक परीक्षार्थी, नवी पेठ

प्रिय परीक्षार्थी,

तुझं पत्र सोमवारी सकाळी वाचलं आणि दुपारच्या आत तुला तीन ओळी पाठवल्या: क्रोसिन अजिबात नको, साहेबाला आजच डॉक्टरकडे ने, आणि तूही आजच इंजेक्शन घे. ते तेवढं तातडीचं होतं. आता सविस्तर लिहिते, कारण असंच पत्र दर पावसाळ्यात दोन-चार जणांकडून येतं. कुणी धनकवडीतून लिहितं, कुणी येरवड्यातून. मांजर वेगळं असतं, पण गाठ तीच आणि खिसाही तसाच रिकामा. एरवी या सदरात मी सगळ्यांना अहो-जाहो करते. तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून तुला तू म्हणते. आणि एक आधीच सांगते, मी पशुवैद्य नाही. वीस-बावीस वर्षं मांजरं सांभाळली, जखमी सांभाळली, काही गमावलीही. त्यातून आणि आमच्या डॉक्टरांकडून जे शिकले, तेवढंच सांगते.

सुरुवात तुझ्या मनगटापासून. ‘ते काही विशेष नाही’ हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. साहेबाला लस दिल्याचं तू कुठे लिहिलेलं नाहीस, म्हणजे दिलेली नसावी. तो ज्याच्याशी भांडला त्या बोक्याचा ठावठिकाणा कुणाला माहीत नाही. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असं नाही, मांजरामुळेही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र तो टाळता येतो. ओरखडा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धू, घड्याळ लावून. मग ससूनला जा, नाहीतर मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. ‘रक्त आलं होतं’ हे आवर्जून सांग, कारण लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही द्यायचं का, ते त्यावरून ठरतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस तेही आठवून ठेव. दोन दिवस झाले म्हणून आता उपयोग नाही असं समजू नकोस, आणि ‘दहा दिवस मांजराकडे लक्ष ठेवू, मग बघू’ असंही करू नकोस. लक्ष ठेवायचंच, पण लस सुरू करून. मनगट लाल होऊन सुजलं, ठणकायला लागलं तर त्याच दिवशी पुन्हा दाखव. मांजरामुळे झालेली जखम हातावर फार लवकर चिघळते.

आता साहेब.

रविवारी रात्री चावा, सोमवारी काही नाही, आणि गुरुवारी एकदम गाठ. हे तुला विचित्र वाटलं असेल, पण मांजराच्या चाव्याचं असंच असतं. बोक्याचा सुळा सुईसारखा बारीक आणि लांब. तो आत खोल जातो, बाहेर मात्र मोहरीएवढं भोक राहतं. मांजराची कातडी लवकर जुळून येते, त्यामुळे दिवसा-दोन दिवसांत ते भोक बुजतं आणि केसांखाली दिसतही नाही. पण दुसऱ्याच्या तोंडातले जंतू आतच कोंडले जातात. पाश्चरेला नावाचा जंतू त्यांतला नेहमीचा. आत पू धरतो, कातडी ताणली जाते, अंगात ताप भरतो, आणि तीन-चार दिवसांनी गळू फुटतं. गालावर, पुढच्या पायांवर आणि शेपटीच्या मुळाशी असे चावे जास्त होतात. समोरासमोर लढला तर गाल, पळताना सापडला तर शेपूट. तुझा साहेब समोरासमोर लढला.

गळू फुटलं ही एका अर्थी चांगली गोष्ट झाली, कारण पू बाहेर यायलाच हवा. पण आपोआप फुटलेल्या गळवाचं तोंड लहान असतं. वरून खपली धरते, आत पोकळी तशीच राहते, आणि चार दिवसांनी पुन्हा गाठ येते. म्हणून डॉक्टर ते तोंड नीट मोठं करतात, आतून धुतात, मेलेली कातडी काढतात, कधी पू वाहत राहावा म्हणून बारीक नळी ठेवतात. शिवून बंद करायची घाई करत नाहीत. जखम तळापासून वर भरत यायला हवी.

तेव्हा ‘घरच्या घरी बरं होईल का’ याचं माझं उत्तर असं आहे. अर्धं काम घरी होतं, आणि ते अर्धं तू डॉक्टरांपेक्षा चांगलं करशील, कारण तुला वेळ आहे आणि माया आहे. पण पहिलं अर्धं डॉक्टरांचंच. जखम उघडून धुणं आणि योग्य अँटिबायोटिक वजनाप्रमाणे देणं, या दोन गोष्टींना घरगुती पर्याय नाही. अकराशेतला पहिला रुपया तिथेच जाऊ दे. आज जे थोडक्यात होईल ते आठवड्याने तेवढ्यात होत नाही. कातडी सडली, ऑपरेशन करावं लागलं, सलाईन लावावं लागलं की तीन-चार हजारही पुरत नाहीत.

क्रोसिनबद्दल थोडं जास्त लिहिते. मी नऊ-दहा वर्षांची असताना आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. आमच्या मनीच्या पायाला असंच गळू झालं. अंग तापलं होतं. वाड्यातल्या एका वयस्कर माणसाने अगदी मायेने तापाची अर्धी गोळी दुधात चुरून दिली. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड सुजलं, पंजे सुजले. आईने ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, पातळ चॉकलेटसारख्या तपकिरी झाल्या होत्या. ती जिन्याखाली धापा टाकत पडली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. आम्ही सगळ्यांनी ‘गळवाने गेली’ असंच मानलं. खरं कारण मला पंधरा वर्षांनी कळलं. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची जी यंत्रणा माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. त्याचं विष रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, मग रक्त प्राणवायू वाहूनच नेत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या बोक्याचा जीव घेऊ शकते, अर्धीही सुरक्षित नाही. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल, सगळ्यांत तेच औषध आहे, आणि कॉम्बिफ्लाममध्ये त्याच्या जोडीला आयबुप्रोफेनही, तेही मांजराला विषारी. तुझ्या रूममेटला रागावू नकोस, पण हा परिच्छेद त्याला वाचून दाखव. कुणी गोळी दिलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला डॉक्टरकडे पळा आणि गोळी दिल्याचं लपवू नका. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

‘अंग गरम लागतंय’ म्हणतोस, तर हेही लक्षात ठेव की मांजराचं नेहमीचं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते एरवीही गरमच लागतं. ताप आहे की नाही ते डॉक्टरांनाच मोजू दे.

डेटॉल आजपासून बंद. त्यातलं औषध फिनॉलच्या जातीचं आहे आणि मांजर पंजाने तोंड पुसतं आणि तोच पंजा चाटतं, म्हणजे गालावर लावलेलं पोटात जातं. गालाभोवतीचे केस साध्या कोमट पाण्याने पुसून घे. काकूंना सांग की हळद स्वयंपाकात ठीक, पण ओल्या जखमेत भरली की तिचा लगदा होतो, वर पापुद्रा धरतो आणि पू आत अडकतो. आणि वडिलांना फोन केलास तर ते गोठ्यातला उपाय सांगतील, टर्पेंटाइन किंवा फिनेल. बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या की शेतकरी ते वापरतात. चार किलोच्या बोक्याला ते सोसत नाही. कापूर, निलगिरी, टी ट्री, उग्र वासाचं कुठलंही तेल मांजराच्या जखमेवर नको. कुत्र्याची गोचिडांची पावडरही नको, तिच्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला घातक असतं.

आता पैशांचं. औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, सरकारी आहे. तिथे खाजगी दवाखान्याच्या मानाने फार थोड्या पैशांत तपासणी होते. निघण्याआधी फोन करून ओपीडीची वेळ आणि त्या दिवशी मांजर बघतील का ते विचार, म्हणजे रिक्षाचे पैसे वाया जाणार नाहीत. रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या पुण्यातल्या संस्था रस्त्यावरच्या प्राण्यांसाठी काम करतात. साहेब गल्लीतून आलेला आहे, तुम्ही त्याला सांभाळता, पण परवडत नाही, हे आहे तसं सांग. ‘रस्त्यावर सापडला’ असं खोटं सांगू नकोस. त्यांच्याकडे जागा मर्यादित असते, आणि ती ज्याला खरंच कुणी नाही त्याला मिळायला हवी. प्रामाणिकपणे विचारलंस तर कमी खर्चात कुठे होईल एवढं तरी ते नक्की सांगतील.

आणि जवळच्या खाजगी डॉक्टरकडे गेलास तरी घाबरायचं कारण नाही. फोनवर सांगितलेल्या तीन-चार हजारांत बहुधा सगळंच धरलेलं असतं: रक्ततपासणी, एक्स-रे, भूल, पंधरा दिवस टिकणारं इंजेक्शन. आत गेल्या गेल्या, तपासणीच्या आधी, स्पष्ट बोल. ‘डॉक्टर, माझ्याकडे आज अकराशे आहेत. त्यात आधी काय करणं गरजेचं आहे आणि काय थांबू शकतं?’ हे वाक्य बोलायला लाज वाटते, मला माहीत आहे, मीही ते बोलले आहे. पण माझा अनुभव असा की पैसे आधी सांगितले तर डॉक्टर त्यात बसेल असा उपचार शोधतात. बिल झाल्यावर सांगितलं की दोघांचीही पंचाईत होते. गळू उघडणं, धुणं, अँटिबायोटिक आणि वेदनेचं मांजराला चालेल असं औषध, एवढं पहिल्या दिवशी. तरुण, धडधाकट बोका असेल तर रक्ततपासणी कधी कधी थांबू शकते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ड्रेसिंग घरी करायला शिकवा म्हण. पुढच्या तपासणीला फोटो पाठवला तर चालेल का, तेही विचार.

औषध चिठ्ठीवर लिहून माग, कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या नावाने. मांजराच्या गळवाला बहुतेक वेळा अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड हे जोड-औषध देतात, आणि तेच लहान मुलांच्या सिरपमध्येही मिळतं. डॉक्टरांनी मिलिलिटरमध्ये डोस लिहून दिला तर जनऔषधी केंद्रातलं स्वस्त सिरप चालेल का, असं विचार. पण ते पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. तुमच्या खोलीत फ्रिज नसणारच, तर मालकीणकाकूंच्या फ्रिजच्या दारात एक बाटली मावेल, नाहीतर डॉक्टरांना आधीच सांग म्हणजे ते गोळी देतील. खोलीतल्या कुणाची उरलेली ६२५ची गोळी तोडून देऊ नकोस. ती माणसाच्या वजनासाठी आहे.

नेताना पिशवीत कोंबू नकोस. मंडईतल्या फळवाल्यांकडे प्लॅस्टिकच्या जाळीच्या क्रेट असतात. दोन आण, खालच्यात तुझा जुना टी-शर्ट अंथर, दुसरी वर पालथी घाल आणि चारही कोपरे सुतळीने घट्ट बांध. वरून चादर टाक. अंधारात मांजर शांत बसतं. मी कितीतरी मांजरं अशीच नेली आहेत.

दवाखान्यातून आलास की तुझं काम सुरू. ते असं कर. अर्धा लिटर पाणी पाच मिनिटं खळखळून उकळ, त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ, चमचा सपाट, शीग नको. झाकून कोमट होऊ दे. मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आण, सुई काढून टाक, गॉजचं पाकीट आण. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत चिकटून बसतात. आधी हात धू, आणि मेडिकलमधून साधे हातमोजे मिळाले तर घाल. मग कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल पाच-सात मिनिटं गालावर नुसता धर. दाबू नकोस. खपली मऊ होते, कडेचा वाळलेला पू सुटतो आणि साहेबाला ऊब बरी वाटते. नखाने खपली ओढायची नाही, तिच्याबरोबर नवीन आलेली कातडीही निघते. मग सिरिंजने मिठाचं पाणी हळूहळू जखमेच्या तोंडात सोड. बाहेर येणारं पाणी आधी पिवळसर, गढूळ असतं, मग गुलाबी, मग स्वच्छ. स्वच्छ आलं की थांब. गॉजने आतून बाहेरच्या दिशेने टिपून घे. डॉक्टरांनी बीटाडीन सांगितलं तर बाटलीतलं तसंच ओतायचं नाही, मिठाच्या पाण्यात कोऱ्या पातळ चहाच्या रंगाचं करायचं, आणि गालच असल्यामुळे डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. सकाळी अभ्यासिकेत जाण्याआधी एकदा, रात्री एकदा. दर वेळी मिठाचं पाणी ताजं.

एकट्याने करू नकोस. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं जाड टॉवेलमध्ये त्याला गुंडाळ, चारही पंजे आत, फक्त डोकं बाहेर. एकाने मांडीवर धरायचं, दुसऱ्याने धुवायचं. तुझ्या मनगटावर आणखी एक ओरखडा नको. औषधाची गोळी असेल तर ती जिभेच्या अगदी मागे ठेव, तोंड मिटून गळ्यावरून हलका हात फिरव, आणि लगेच सिरिंजने गालाच्या कडेने चार-पाच मिली पाणी पाज. हे पाणी विसरू नकोस. काही गोळ्या, विशेषतः डॉक्सिसायक्लिन, कोरड्या दिल्या की मांजराच्या अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करतात. दोन दिवसांत गाल उतरला म्हणून औषध थांबवायचं नाही, सांगितलेले सगळे दिवस द्यायचं.

गालाची जखम त्याला चाटता येत नाही, पण मागच्या पायाने तो ती खाजवणार. गळ्यातला कोन विकत घ्यायची गरज नाही. कुणाच्या तरी घरी एक्स-रेची जुनी फिल्म पडलेली असतेच. मानेचं माप सुतळीने घे, तेवढा गोल मधोमध काप, बाहेरचा गोल नाकाच्या पुढे थोडा येईल एवढा ठेव. एक चीर देऊन शंकूसारखी वळव आणि चिकटपट्टीने जोड. आतल्या कडेला कापडी पट्टी लाव, नाहीतर ती मान कापते. मान आणि फिल्म यांत दोन बोटं जायला हवीत. पहिला अर्धा तास तो उलटा चालेल, भिंतीला आपटेल. मग सवय होते. जेवताना समोर बसणार असशील तर काढ.

जेवणाची काळजी जखमेइतकीच घे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठून ते वेगळंच आजारी पडतं. मांजर वासावर जेवतं, आणि तापात त्याची भूक मरते. पाव किलो चिकन आण, मीठ, कांदा, लसूण, काही न घालता शिजव. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे, म्हणून मेसच्या रश्शातले तुकडे धुऊनही देऊ नकोस. हे शिजलेलं चिकन बारीक कुस्करून त्याच्याच पाण्यात कालव आणि कोमट असताना नाकाजवळ धर. गालाकडून चावताना दुखतं, म्हणून मऊच हवं. दुधाने जुलाब होतात, ते नको. पाण्याची वाटी कॉटजवळ आण.

पावसाचे दिवस आहेत, माशा फार. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात. साहेबाला गॅलरी बंद, आठ-दहा दिवस खोलीतच. दिवसातून दोनदा बॅटरीच्या उजेडात जखम बघ. केसांच्या मुळाशी तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसले तर ती अंडी. ओल्या गॉजने आणि बारीक फणीने काढ. आत काही वळवळताना दिसलं तर स्वतः खोदत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे. शी-शूसाठी वाळू वापरत असाल तर सध्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून घाल. वाळूचे कण जखमेत जातात.

बरं होत असेल तर तिसऱ्या दिवशी पू कमी दिसतो, वास जातो, तो जेवायला उठतो. साधारण दोन आठवड्यांत कातडी जुळते. तसं दिसलं नाही तर परत दाखव. आणि पुढची वेळ ठरलेली नसली तरी थांबायचं नाही अशा काही गोष्टी सांगते: दिवसभर घास न घेणं, तोंड उघडून श्वास, हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळ्या, जखमेभोवती कातडी काळी पडणं, सूज डोळ्याकडे सरकणं.

आता जे तुला सगळ्यात जड जातंय ते. वडिलांचे पैसे. मला वाटतं तू त्यांना फोन कर. पैसे मागायला नाही, सांगायला. तुझ्या घरी गोठा असेल, नसला तर लहानपणी शेजारी असेल. दावणीचं जनावर चारा खात नाहीसं झालं की शेतकऱ्याला जेवण जात नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. जो माणूस उन्हातान्हात गुरांचा डॉक्टर बोलवायला गेला असेल, त्याला मुक्या जिवाला वैद्य लागतो हे समजावून सांगावं लागत नाही. ते नाही म्हणाले तर रागाने म्हणणार नाहीत, ओढग्रस्तीने म्हणतील, आणि तेव्हा तुला दुसरा मार्ग आहेच. खोलीत सहा जण आहात. साहेब रात्री सहाही जणांच्या पायाशी झोपतो ना? दोनशे-दोनशे काढा. गणपतीला वर्गणी काढायला आपण लाजत नाही, याला का लाजावं? मेसवाल्या काकूंकडून दोन दिवसांचं चिकन उकडून मिळेल. हे मागणं म्हणजे कमीपणा नाही. तुझ्या एकट्याच्या जिवावर पडलेला भार सहा जणांनी उचलायचा, एवढंच.

बरा झाल्यावर दोन कामं राहतील. एक, रेबीजची लस, ती कधी द्यायची ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचार, कारण साहेबाला अनोळखी बोका चावलेला आहे. दुसरं, नसबंदी. न केलेला बोका माद्यांसाठी आणि हद्दीसाठी भांडतच राहणार, आणि दोन महिन्यांनी तू मला उजव्या गालाचं पत्र लिहिशील. तिचे पैसे आत्तापासून थोडे थोडे बाजूला ठेव, आणि संस्थांकडे सवलतीची शिबिरं असतात का ते विचारत राहा. चाव्यातून मांजरांत एफआयव्ही नावाचा विषाणू पसरतो, माणसाला तो होत नाही. त्याची तपासणी आत्ता केली तर ताज्या चाव्याची लागण त्यात दिसणार नाही, पैसे वाया जातील. ती दोन महिन्यांनी.

तुझ्या लशीच्या तारखा रुग्णालयातल्या कार्डावर लिहून देतील. कातडीत देतात ती असेल तर पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. त्या भिंतीवरच्या अभ्यासाच्या वेळापत्रकात लाल पेनाने टाक, शेजारी साहेबाच्या औषधाच्या वेळा. बुधवारी रात्री मला दोन फोटो पाठव, एक त्याच्या गालाचा आणि एक त्या कार्डाचा.

— तुझी ताई